खोबरं दिसतंय का

नाही, पण मला एक सांगा, वीज तयार कुठे होते? पोफळीला. डोंगराच्या पोटात कोयनेचं पाणी सोडतात, चक्रं फिरतात, वीज तयार… हे मला माझा साडू अनिल वर्षानुवर्षं जेवताना सांगत आलाय, कारण तो तिथेच पॉवरहाउसला आहे, आणि ऐकून ऐकून आता मला तिथलं एखादं चक्र उतरवून परत बसवता येईल. पण तीच वीज रत्नागिरीत आमच्या आळीपर्यंत येताना दमते, वाटेत कुठेतरी टेकते, त्याचं काय? त्या दिवशी तेच झालं. साधा दिवस होता हो. बुधवार असेल. मी लॅपटॉपसमोर खुर्ची टाकून बसलेलो, कारण मला पहाऱ्यावर ठेवलेलं होतं. आमची मथुरा, म्हणजे माझी बायको, कॅमेरा घेऊन पोफळीला बहिणीकडे गेलेली आणि जाताना सूचना देऊन गेलेली, की अहो, सॉफ्टवेअर डाउनलोडला लावलंय, झाकण पाडायचं नाही, वायर हलवायची नाही, उठायचं झालं तर लवकर यायचं. जसं काही दूध तापत ठेवलंय! आमच्याकडचं इंटरनेट तुम्हाला माहीत आहे, कासवाला पुढे जाऊ दे म्हणून बाजूला उभं राहणारं. तर ती हिरवी पट्टी सरकत सरकत अगदी शेवटाला आली, एवढीशी राहिली, आणि लाईट गेली. इंटरनेटचा डबा बंद. पट्टी थांबली.

आता हिला काय सांगायचं, हे मी मनात जुळवतोय तोवर फोन वाजला. पोफळीचा नंबर. मला वाटलं हीच. मी तिला बोलूच दिलं नाही, आधीच सुरुवात केली… की हे बघ, माझी काही चूक नाही, मी हात लावलेला नाही, लाईट गेली, तुमच्याच पोफळीची लाईट आहे, तिथेच विचार, आली की पुन्हा लावतो, तू चिडू नकोस. बराच वेळ बोललो मी. पलीकडे कोणी काही बोलेना. मला वाटलं, चिडली. मग अनिलचा आवाज आला.

"दादा," तो म्हणाला, "तुम्ही आधी जरा बसा."

मी बसलेलाच होतो.

चहा घेतला होता, म्हणे, व्हरांड्यात बसली होती, कॅमेरा मांडीवर होता. एवढंच. डॉक्टर आले ते नंतर आले.

असो. मी सॉफ्टवेअरबद्दल सांगत होतो.

तर सगळं उरकून मला घरी आणून सोडलं, मंडळी चपला काढतायत, कोणी पाणी भरतंय, आणि मी बघतो तर टेबलावर लॅपटॉप तसाच उघडा. लाईट मागेच येऊन गेलेली, पट्टी आपली आपण पुढे सरकलेली, आणि पडद्यावर चौकोन. डाउनलोड पूर्ण झालं आहे, आता बसवायचं का? खाली दोन बटणं, 'हो' आणि 'नंतर'. मी 'नंतर' दाबलं. तिथून ही सगळी कटकट सुरू झाली. तुम्हाला सांगतो, मला एक फोटो उघडायचा होता हो, बाकी काही नाही.

आता तुम्ही म्हणाल, फोटो उघडायला सॉफ्टवेअर कशाला? मोबाइलवर बोट लावलं की उघडतो. मीही हेच म्हटलं होतं! पण हा फोटो साधा नाही. हा रॉ. रॉ म्हणजे कच्चा. मथुरा शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे समजावून सांगायची तिला हौस. म्हणाली, मोबाइलचा फोटो म्हणजे हॉटेलातलं ताट, दुसऱ्याने रांधलेलं, तिखट त्याच्या मनाने. रॉ म्हणजे बाजारातून पिशवीत आणलेली मासळी. खवले तुम्ही काढा, मसाला तुम्ही ठरवा, कालवण करा नाहीतर तळा. मी म्हटलं, पण मला जेवायला कधी मिळणार? तर म्हणाली, आधी सॉफ्टवेअर ठरवू.

हे तिचं पालुपद. आधी सॉफ्टवेअर ठरवू. कारण ठरवणं हा तिच्याकडे वर्षभराचा कार्यक्रम असायचा. आम्ही मिक्सर घेतला तेव्हाची गोष्ट सांगतो. आमच्या शेजारच्या झरीनभाभींनी मिक्सर घेतला, त्या गेल्या, पैसे दिले, रिक्षात घालून घेऊन आल्या. आमच्याकडे? मथुराने घरून भिजवलेली उडदाची डाळ डब्यात घेतली, आम्ही तीन दुकानं फिरलो, आणि प्रत्येक दुकानदाराला तिने तीच डाळ वाटायला लावली. एकच डाळ, सारखंच पाणी, तिन्ही मिक्सर. दुकानदार माझ्याकडे बघायचे. मी पंख्यांच्या किमती बघायचो. आणि तिसऱ्या दुकानातून बाहेर पडल्यावर, डाळ संपल्यावर, ती काय म्हणाली असेल? म्हणाली, पहिलं पुन्हा एकदा बघायला हवं.

तेच इथे. शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, कॅमेरा घेतला, ऑनलाइन वर्ग लावला, सगळे फोटो रॉ मध्ये काढले, आमच्या इकडच्या खंडाळ्याच्या वाटेवरचे बगळे काढले, मिरकरवाड्याच्या जेटीवरच्या होड्या काढल्या, माझ्या चपला काढल्या… आणि एकही फोटो धड मोठा करून बघितला नाही. का? सॉफ्टवेअर ठरायचंय. बघायचा तर कॅमेऱ्याच्या पाठीवर, काडेपेटीएवढा.

आणि सॉफ्टवेअरं तीन. नावं मी सांगत नाही, उगाच कोणाला वाईट वाटायला नको, मी त्यांना माझी नावं ठेवली आहेत. पहिलं भाडोत्री. दर महिन्याला भाडं भरायचं, जन्मभर, आणि थांबलात की ते कुलूप लावून निघून जाणार, तुमची केलेली कामं आत. दुसरं धर्मादाय. जगभरच्या भल्या माणसांनी फुकट करून ठेवलंय, आणि फुकट म्हटल्यावर हात सैल सोडलाय, इतकी बटणं की ज्याचं नाव ते! एका बटणाखाली तीन, त्या तिघांच्या खाली आणखी, आणि मदत वाचायला जावं तर ती मदत समजावून सांगायला दुसरी मदत. तिसरं एकरकमी. एकदाच पैसे टाका, कायमचं तुमचं. हे ते, जे त्या दिवशी उतरत होतं.

तर फोटो कुठला? आरे-वारेचा. पोफळीला जायच्या आधी आम्ही त्या किनाऱ्यावर गेलो होतो. त्या वर्गातल्या सरांनी तिला सांगितलेलं, की रंग बरोबर यायला हवे असतील तर फोटोत अशी एक वस्तू ठेवा जिच्या रंगाची तुम्हाला पक्की खात्री आहे. मग सॉफ्टवेअरमध्ये त्या वस्तूवर टिचकी मारायची, हे पांढरं आहे असं त्याला सांगायचं, की बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात. त्यासाठी एक करड्या रंगाचा पुठ्ठा मिळतो, तो मागवायचा. मथुरा म्हणाली, पुठ्ठ्याला कशाला पैसे? आणि तिने स्वयंपाकघरातून नारळाची वाटी उचलली. अर्धा नारळ! म्हणाली, खोबऱ्याइतकं पांढरं दुसरं काय असतं मला सांगा. मी काय सांगणार? मी चपला घातल्या.

म्हणून तो फोटो असा आहे. आरे-वारेची वाळू, उतरतं ऊन, मागे सुरूची झाडं, वारा सुटलेला, केस उडतायत, आणि मधोमध ही, अबोली रंगाच्या ड्रेसात, पोलीस चौकीत पाटी धरून उभं करतात ना, तशी छातीशी अर्धा नारळ धरून. माणसं वळून वळून बघत होती. एका पोराने तर विचारलं, काकू, प्रसाद आहे का? बटण मी दाबलं. मला सांगितलेलं, अहो नुसतं दाबा, दुसरं काही करू नका. आणि मी दाबलं नेमकं त्या क्षणी ती मला विचारत होती, "खोबरं दिसतंय का?" त्यामुळे फोटोत तिचं तोंड अर्धवट उघडं आहे. 'का' वर.

आणि घरी येऊन तिने काय केलं? तेच खोबरं किसलं आणि बांगड्याच्या कालवणात घातलं. संपलं. जगातली एकच वस्तू जिच्यावरून त्या फोटोतला रंग ठरणार, ती आम्ही भाताबरोबर खाल्ली. चांगलं झालं होतं कालवण.

असो. सॉफ्टवेअरबद्दल सांगत होतो.

मधल्या काळात मी काही उघडलं नाही. मग तुळसाचा फोन. तुळसा म्हणजे मथुराची धाकटी बहीण, अनिलची बायको. म्हणाली, भाऊजी, वर्षश्राद्ध चार-पाच महिन्यांवर आलं, भिंतीवर ताईचा एक चांगला फोटो नको का? आणि खरंच नव्हता. जो दुसऱ्यांचे फोटो काढतो त्याचा स्वतःचा फोटो नसतो, तो कायम कॅमेऱ्याच्या अलीकडे. एक आधार कार्डावरचा होता. पण आधार कार्डावरचा फोटो भिंतीवर लावून त्या माणसाला हार घालणं, म्हणजे त्या माणसाने जिवंतपणी आपलं फारच काही बिघडवलेलं असलं पाहिजे. राहता राहिला आरे-वारेचा. मी म्हटलं, देतो. काय मोठंसं? एक फोटो तर उघडायचाय.

बसवली तिन्ही. धर्मादाय तर फुकटच, बाकी दोघांनी 'महिनाभर फुकट वापरून बघा' म्हणून स्वागत केलं. उघडला फोटो. करडा! धुक्यात उभी असल्यासारखी. भाच्याला, तुळसाच्या गौरवला, फोन लावला, तो पुण्यात असल्याच कामात आहे. तो म्हणाला, काका, रॉ असाच दिसतो, घाबरू नका, आता ड्रॉपर घ्या, ते औषधाच्या नळीचं चित्र, आणि पांढऱ्यावर क्लिक करा. घेतला ड्रॉपर, मारली खोबऱ्यावर टिचकी… आणि तुम्हाला सांगतो, बायको निळी झाली. निळी! वाळू निळी, सुरू निळे, सगळं आरे-वारे शाईच्या दौतीत बुडवून काढलेलं. दुसऱ्यात मारली, तिथे जांभळटसर. तिसऱ्यात जरा कमी, पण तब्येत बरी नसल्यासारखी. आणि ड्रेस? अबोली कुठेच नाही. एक म्हणतं गुलाबी, एक म्हणतं विटकरी, धर्मादायवालं म्हणतं तुम्हीच काय ते ठरवा.

मग बसली पंचायत, व्हिडिओ कॉलवर. तिकडे पोफळीहून तुळसा आणि अनिल, पुण्याहून गौरव, मध्ये मी, लॅपटॉपसमोर मोबाइल धरून. तुळसा बघते आणि म्हणते, "खोबरं कुठे पांढरं असतं हो भाऊजी? खोबरं खोबऱ्याच्या रंगाचं असतं." आता हे आधी कोणी बोललं का? मग चर्चा, की नारळ आपल्या झाडाचा होता की विकतचा, जून होता की कोवळा, आदल्या दिवशी फोडलेला की त्याच दिवशी. अनिल म्हणतो, जून असला तर पिवळट असणार. तुळसा म्हणते, ताई जून नारळ घ्यायचीच नाही. मी म्हणतो, घ्यायची. तुळसा म्हणते, नाही. जणू नारळाच्या चारित्र्याचा प्रश्न! मग गाडी रंगावर आली. तुळसा म्हणते, ताई इतकी काळी नव्हती. अनिल म्हणतो, तशी जरा सावळीच… आणि पुढचं वाक्य त्याने केलं नाही, कारण तुळसाने बघितलं. गौरव म्हणतो, काका, तुमचा स्क्रीनच बरोबर नाहीये, आणि मला तुमच्या स्क्रीनचा फोटो माझ्या स्क्रीनवर दिसतोय, आईला तिच्या मोबाइलवर, बाबांना त्यांच्या, त्यामुळे आपण चौघं चार वेगवेगळ्या मावश्या बघतोय.

मला एक फोटो उघडायचा होता हो!

मग मी काय केलं? नारळ आणले. म्हटलं तसाच एखादा सापडेल, तर कळेल त्याचा रंग. जून आणला, मध्यम आणला, आमच्या झाडाचा पाडला. फोडायचा, वाटी पडद्याशेजारी धरायची, फोटोतलं खोबरं बघायचं, हातातलं बघायचं. फोडलेला नारळ टाकवत तर नाही. मग चटणी. मग सोलकढी. मग वड्या. झरीनभाभींकडे पाठवायला लागलो, त्यांनी आधी आनंदाने घेतलं, मग भांडं परत देताना विचारलं, "भाईसाहेब, नारळाची वाडी घेतलीत काय?" मी काय सांगू? सांगितलं, सॉफ्टवेअर बघतोय.

शेवटी कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन झुबेरकडे गेलो. झुबेर म्हणजे आमचा स्टुडिओवाला, लग्नं करतो, फ्रेमा करतो. तो म्हणाला, "भाऊ, याच्यात काय नाय, द्या इकडे." आणि दिलं त्याने करून. तिला गोरी केली. फटफटीत गोरी! तोंड मिटवून दिलं. मागे धबधबा. आणि नारळ काढून हातात गुलाबाचा गुच्छ. मी बघत राहिलो. बाई सुंदर होती, पण आमची ओळख नव्हती. मी म्हटलं, झुबेर, नारळ हवा रे. तो म्हणाला, हारवाल्या फोटोत नारळ? लोक काय म्हणतील, हातात नारळ देऊन निरोप दिला? मग त्याने माझं तोंड बघितलं. म्हणाला, फ्रेम तेवढी करून ठेवतो भाऊ, चांगल्या लाकडाची, तुमचं ठरलं की आणा.

तुमचं ठरलं की! म्हणजे फिरून तिथेच.

घरी आलो. दुपार होती. पुन्हा उघडला, एकरकमीत. पुन्हा धुकं. ड्रॉपर हातात. म्हटलं, या फोटोत खात्रीचं पांढरं काहीतरी असेलच ना? वाळू नाही. आभाळ नाही. तिचे दात… दातांबद्दल मी बोलत नाही, तिला आवडणार नाही. फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. आणि कानाजवळ, वाऱ्याने केस मागे गेलेले, तिथे मुळाशी चार-दोन केस. मेंदीतून सुटलेले. ती दर महिन्याला आरशासमोर मान वाकडी करून मेंदी लावायची, आणि मला विचारायची, मागे कुठे राहिलंय का बघा हो. मी म्हणायचो, नाही राहिलं.

राहिलं होतं. टिचकी मारली तिथे.

आलं की हो सगळं! वाळू वाळूच्या रंगाची. सुरू हिरवे. खोबरं खोबऱ्याच्या रंगाचं, तुळसाचं बरोबर होतं, जरा पिवळटच, म्हणजे नारळ जून होता, माझंही बरोबर होतं. ड्रेस अबोली. नेमका अबोली, गुलाबी नाही, विटकरी नाही. आणि ही सावळी, उन्हाने कपाळ जरा तापलेलं, तोंड अर्धवट उघडं, 'खोबरं दिसतंय का?'

झालं. म्हणजे मोहीम फत्ते, नाही का? बटण दाबायचं, जतन करायचं, झुबेरकडे द्यायचं, संपला विषय. मी बटणाकडे हात नेलासुद्धा. पण मनात आलं, हे झालं एकरकमीत. भाडोत्रीत हेच केस धरले तर कसं दिसेल? धर्मादायमध्ये? एका दुकानात डाळ वाटून मिक्सर घेतो का आपण? मग बंद करायला गेलो, तर चौकोन आला, बदल जतन करायचे का? मी 'नाही' दाबलं. गेली परत धुक्यात. मग दुसऱ्यात उघडला, शोधले केस, मारली टिचकी, आली. मग तिसऱ्यात. तिन्हींत येते हो! थोडं इकडे तिकडे. आणि तिसऱ्यानंतर काय वाटलं असेल? की पहिलं पुन्हा एकदा बघायला हवं.

गौरवने पकडलं मला. महिना संपला की सॉफ्टवेअर बंद पडतं, म्हणून मी नव्या ईमेलने परत महिनाभर फुकट घेतो, माझा झाला, मथुराचा झाला, झरीनभाभींचा झाला, अनिलचा त्याला न विचारता झाला, म्हणून त्याला आता दररोज फोटोग्राफीच्या जाहिराती येतात. गौरव म्हणाला, काका, एक कुठलंतरी घ्या, पैसे मी भरतो, आणि फोटो एकदाचा छापून टाका. त्याचं बरोबर आहे. मी म्हटलं, बघतो.

वर्षश्राद्ध झालं. भिंतीवर शेवटी आमच्या लग्नातला फोटो लागला, तुळसाने घाईघाईत मला कापून तिला ठेवलं. सगळा मी काही कापला गेलो नाही. उजवीकडे एक कोपर राहिलंय. अनिल जवळ जाऊन हळूच म्हणाला, दादा, हे तुमचं ना? म्हटलं, हो. त्यालाही हार आहे.

निघताना तुळसा दाराशी थांबली. मला वाटलं आता ऐकवणार. तिचा हक्क आहे. ती म्हणाली, "भाऊजी, ठरलं का हो?"

"दोन बघून झालीत," मी म्हटलं. "तिसरं राहिलंय."

तिने माझ्याकडे बघितलं. अगदी बहिणीसारखं बघते ती कधी कधी, मान जरा वाकडी करून. "बघा सावकाश," म्हणाली. "घाई काय आहे."

तर तुम्हाला सांगतो, आता सकाळी चहा घेऊन बसतो. आज एकात, उद्या दुसऱ्यात. धुकं असतं. कानाजवळचे ते केस आता मला न शोधता सापडतात. टिचकी मारतो, अबोली येतो, ती विचारते, खोबरं दिसतंय का, मी म्हणतो दिसतंय. चहा संपतो. बदल जतन करायचे का? नाही.

झुबेरने फ्रेम काच पुसून ठेवली आहे, कधीही या म्हणतो. भिंतीत खिळा ठोकलेला आहे. सॉफ्टवेअर अजून ठरलेलं नाही.